चुंबक पकडते, पण सोडत नाही: स्पर्धेच्या यंत्रासोबत काढलेले पाच महिने

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या एका यंत्ररचना स्पर्धेत आमच्या चौघांच्या गटाने या वर्षी भाग घेतला आणि वस्तू उचलण्यासाठी आमच्या यंत्रात कायम चुंबक वापरले. चुंबकाला ना तारा लागतात, ना प्रोग्राम, ना वीज, तेव्हा हा यंत्रातला सर्वांत सोपा भाग असेल, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात जुलै ते डिसेंबर या काळातले आमचे निम्म्याहून अधिक तास त्याच एका भागावर गेले आणि आयोजकांशी झालेला जवळजवळ सगळा पत्रव्यवहारही त्याच्यासाठीच झाला. पुढच्या वर्षी एखादा गट याच वाटेने जाणार असेल, तर त्याला निदान कोणत्या वळणावर काय उभे असते हे आधी कळावे, म्हणून घडले त्या क्रमाने लिहून ठेवते आहे. स्पर्धेचे नाव मुद्दाम देत नाही. प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळे असतात, पण चुंबकाचे स्वभाव सगळीकडे सारखेच असतात.

नियमपुस्तिका १८ जुलैला हाती आली. काम असे होते: एका ट्रेमधल्या उथळ खाचांत २० मिलिमीटर अंतराने ठेवलेल्या २४ पोलादी डॉवेल पिना (यंत्राचे दोन भाग नेमके जुळवायला वापरतात त्या गुळगुळीत दंडगोल खुंट्या) यंत्राने एकेक करून उचलायच्या आणि समोरच्या चौकटीतल्या ठरलेल्या जागी ठेवायच्या. वेळ ३ मिनिटे, आणि मध्ये हात लावायचा नाही. पिन ६ मिलिमीटर व्यासाची आणि ४० मिलिमीटर लांबीची, म्हणजे वजनाला जेमतेम ९ ग्रॅम. आम्ही आधी चिमट्याचा विचार केला, पण दोन पिनांमध्ये चिमट्याचे पाते शिरण्याइतकी जागा मोठ्या मुश्किलीने मिळत होती. हवेच्या शोषणाने उचलावे, तर गोल पृष्ठभागावर रबरी वाटी नीट बसत नव्हती. विद्युतचुंबकही करून पाहिले. ९ ग्रॅमसाठी ते पुरेसे होते, पण तीन मिनिटांत गुंडाळी हाताला चटका बसेल इतकी तापायची आणि तिचे वजन यंत्राच्या हाताच्या टोकाला असल्यामुळे सगळा हातच डोलायचा. शिवाय आणीबाणीचे बटण दाबले की वीज जाते आणि धरलेली पिन खाली पडते, ही गोष्ट तपासणीच्या यादीत अडचणीची ठरेल असे आमच्या मार्गदर्शक मॅडमनी सुचवले. त्यामुळे ३ ऑगस्टच्या बैठकीत कायम चुंबकावर शिक्कामोर्तब झाले.

इथे पहिली अडचण आली ती कागदावर. नियमपुस्तिकेत ऊर्जेच्या साधनांची यादी होती: ठरावीक प्रकारची बॅटरी, स्प्रिंग, रबर आणि उंचीवर ठेवलेले वजन. त्यात चुंबकाचा उल्लेखच नव्हता. ना परवानगी, ना मनाई. आमच्यातल्या दोघांचे म्हणणे होते की जे मना नाही ते चालते, तेव्हा विचारायलाच नको, कारण विचारले तर नाही म्हणतील. मॅडमचे मत उलट होते आणि ते ऐकले हे बरे झाले. ५ ऑगस्टला आम्ही स्पष्टीकरणासाठीचा अर्ज भरला. त्यात नुसते ‘चुंबक चालेल का’ असे न विचारता चुंबकाचा प्रकार, मोजमाप, संख्या, ते यंत्रात कुठे बसेल आणि कशाने अडकवलेले असेल, हे एका साध्या आकृतीसह लिहिले. असा प्रश्न विचारला की उत्तरही तितकेच नेमके मिळते आणि पुढे तपासणीच्या टेबलावर ते दाखवता येते, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगाची गोष्ट ठरली.

उत्तर यायला अकरा दिवस लागले. रोज सकाळी पत्रपेटी उघडून पाहायची आणि उत्तर नाही म्हणून दिवसभर फ्रेमचे काम करत बसायचे, असे ते दिवस गेले. १६ ऑगस्टला आलेल्या उत्तरात चार अटी होत्या. चुंबकाची नोंद साहित्याच्या यादीत स्वतंत्रपणे असावी. कोणतेही चुंबक यंत्रापासून सुटे होऊ नये. राखीव चुंबके मैदानाजवळ उघडी आणू नयेत. आणि स्पर्धेचे साहित्य, म्हणजे त्या पिना, मिळाल्या त्याच स्थितीत परत कराव्यात. पहिल्या तीन अटी आम्ही लाल शाईने अधोरेखित केल्या. चौथी वाचली आणि पुढे गेलो, कारण आम्ही काही पिना वाकवणार नव्हतो.

चुंबक निवडताना ग्रेडचा फार गोंधळ होतो, म्हणून थोडे लिहिते. निओडिमियम चुंबकावर एन३५, एन४२, एन५२ असे लिहिलेले असते. त्यातला आकडा पदार्थ किती ऊर्जा धरून ठेवू शकतो ते सांगतो, चुंबक किती वजन उचलेल ते नव्हे. उचलण्याची ताकद आकारमानावर, समोरच्या लोखंडावर आणि मधल्या फटीवर अवलंबून असते. आकड्यापुढे एखादे अक्षर नसेल तर साधारण ८० अंश सेल्सिअस ही त्याची तापमानाची मर्यादा; एम असेल तर १०० अंश, एच असेल तर १२०. आम्ही एन४२ ग्रेडच्या, १५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ५ मिलिमीटर जाडीच्या दहा चकत्या मागवल्या. त्यांचा खर्च आमच्या एकूण अंदाजपत्रकाच्या विसाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. गटाने चार घ्याव्यात म्हटले होते. मी दहाचा आग्रह धरला आणि त्यावरून थोडी कुरबुरही झाली. २७ ऑगस्टला पार्सल आले आणि त्याच संध्याकाळी नऊ उरल्या.

झाले असे की टेबलावर एक चकती ठेवून मी दुसरी तिच्यापासून वीतभर अंतरावर ठेवायला गेले. दोन्ही एकमेकींवर अशा आदळल्या की एकीचा कडेचा तुकडा उडून समोरच्या फळ्यावर वाजला. निओडिमियमचे चुंबक दिसायला धातूसारखे चकाकते, पण ती चकाकी वरच्या निकेलच्या पातळ थराची असते. आतला पदार्थ भुकटी दाबून आणि भाजून केलेला असल्यामुळे तो चिनीमातीच्या भांड्यासारखा फुटतो. त्या दिवसापासून चुंबके हाताळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा, एका वेळी टेबलावर एकच चकती आणि बाकीच्या मध्ये लाकडी चकत्या घालून डब्यात, असा नियम केला. चुंबकाला भोक पाडायचा विचार कुणाच्या मनात आला तर तोही सोडून द्यावा: ते तडकते आणि त्याची भुकटी पेट घेऊ शकते. शरीरात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने अशा चुंबकांपासून लांब राहावे लागते, म्हणून कार्यशाळेच्या दारावर आम्ही तशी सूचना लावली. पुढे सुरक्षा अहवालात ‘केलेली उपाययोजना’ या रकान्यात तिचा फोटो कामी आला.

सप्टेंबरचा पहिला आठवडा मोजमापात गेला. विक्रेत्याच्या तक्त्यात या चकतीची ओढ सुमारे पाच किलो लिहिलेली होती. तो आकडा जाड, सपाट, घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावर, मध्ये कसलीही फट नसताना आणि सरळ वर ओढताना मिळालेला असतो. आमची पिन गोल होती, म्हणजे चकतीला ती फक्त एका रेषेत टेकणार. ओढ मोजायला आम्ही साधा वजनकाटा वापरला. एका जड लाकडी ठोकळ्यावर पिन पक्की चिकटवली, ठोकळा काट्यावर ठेवला आणि स्टँडला लावलेले चुंबक वरून हळूहळू खाली आणले. काट्यावरचे वजन जितके कमी दिसेल तितकी ओढ. ठोकळा निदान दहा सेंटिमीटर उंच हवा, नाहीतर काट्याच्या आतले लोखंडच चुंबकाकडे ओढले जाते आणि आकडे वाटेल तसे येतात. फट मोजायला छपाईचे साधे कागद घेतले, कारण असे दहा कागद म्हणजे साधारण एक मिलिमीटर. पिन टेकलेली असताना ओढ साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास आली, दहा कागद घातल्यावर दोनशेच्या खाली, आणि १२ मिलिमीटरवर ती पिनेच्या स्वतःच्या वजनाइतकी, म्हणजे आठ-नऊ ग्रॅम, उरली. पाच किलोंच्या चुंबकाकडून आम्हाला मिळणार होते ते एवढेच. पण ९ ग्रॅमच्या पिनेसाठी दहा कागदांच्या फटीतूनही ते जवळपास वीसपट होते आणि खरी अडचण त्या वीसपटीतच होती.

कारण चुंबक पकडते ते आपोआप. सोडवण्यासाठी मात्र यंत्र लागते. आमच्या पहिल्या रचनेत चुंबक हाताच्या टोकाला घट्ट बसवलेले होते आणि त्याच्या बाजूने एक प्लास्टिकचा काटा सरकून पिनेला आडवे ढकलायचा. चुंबकाला चिकटलेली वस्तू सरळ ओढण्यापेक्षा आडवी सरकवणे पुष्कळ सोपे असते, कारण सरकवताना मुख्यतः घर्षणाशीच झगडायचे असते. काटा छोट्या सर्वो मोटरवर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या मोटरवर) छान चालला. १२ सप्टेंबरला २४ पैकी २२ पिना जागेवर बसल्या आणि त्या रात्री आम्ही फार खुशीत घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात तेच यंत्र बिघडत गेले. आधी २२, मग १९, मग १५. एक पिन उचलायला गेले की शेजारची उडी मारून सोबत यायची. कधी चौकटीत ठेवलेली पिन काट्याच्या मागोमाग परत निघायची. आम्ही हाताचा वेग कमी केला, प्रोग्राममधली थांबण्याची वेळ वाढवली, ट्रे नव्याने बनवला. सहा दिवस आम्ही यंत्राला दोष देत होतो. सातव्या दिवशी वहीत अहवालाची पाने लावताना माझ्या हातून टाचणी खाली पडली आणि ती जमिनीवर न पडता टेबलावरच्या पिनेच्या टोकाला चिकटली. चुंबक त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डब्यात होते.

पिना स्वतःच चुंबक झाल्या होत्या. यात नवल काही नाही, उलट लाज वाटावी असे आहे. शाळेत सुईवरून चुंबक एकाच दिशेने वारंवार घासून तिचे चुंबक करायची जी एकस्पर्शी पद्धत शिकवतात, तिचे यंत्र आम्ही बांधले होते. काटा प्रत्येक पिनेला चुंबकाच्या तोंडावरून तिच्या लांबीच्या दिशेने सरकवत होता आणि सरावाच्या पिना त्याच असल्यामुळे प्रत्येकीवर हा संस्कार पन्नास-साठ वेळा झाला होता. साधे मऊ लोखंड चुंबक दूर झाले की बरेचसे विसरून जाते, पण डॉवेल पिन कठीण केलेल्या पोलादाची असते आणि असे पोलाद मिळालेले चुंबकत्व धरून ठेवते. त्यातही पिन लांबट. लांब आकाराच्या वस्तूत हे चुंबकत्व गोळीपेक्षा जास्त टिकते. चौथ्या अटीचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. पिना न वाकवताही त्यांची ‘स्थिती’ आम्ही बदलत होतो आणि आमच्यानंतर खेळणाऱ्या गटाला त्या चुंबकीय पिना मिळाल्या असत्या.

दुसऱ्या रचनेत पिनेला स्पर्शही करायचा नाही, असे ठरवले. चुंबक एका नळीत वर-खाली होईल, नळीचे तोंड एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकने बंद असेल, चुंबक खाली असताना पिन त्या तळाला बाहेरून चिकटेल आणि चुंबक वर गेले की ती आपोआप पडेल. मोजमापाच्या तक्त्यावरून १२ मिलिमीटर वर नेले तरी चालेल असे वाटत होते. पण त्या अंतरावर ओढ आणि वजन जवळजवळ सारखे असल्यामुळे पिन कधी पडे, कधी विचार करत लटकून राही. अंतर २० मिलिमीटर केले तेव्हा ओढ दहाव्या हिश्श्यावर आली आणि पिना निमूटपणे पडू लागल्या. कागदावर जिथे सुटका दिसते तिथे न थांबता दीडपट पुढे जावे, असे मी नंतर आमच्या वहीत लिहून ठेवले.

नळी अ‍ॅल्युमिनिअमची घेतली होती, कारण अ‍ॅल्युमिनिअमला चुंबक चिकटत नाही. सर्वो चुंबकाला खाली दाबायचा आणि एक नाजूक स्प्रिंग त्याला परत वर ओढायची. ओढायची, पण आळसावून. आम्ही स्प्रिंग बदलली, नळीला तेल लावले, शेवटी नळी उभी धरून चुंबक नुसतेच आत सोडून पाहिले, तर ते पाण्यात बुडणाऱ्या नाण्यासारखे सावकाश खाली आले. हलणारे चुंबक भोवतालच्या धातूत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण करते आणि ते करंट चुंबकाच्या गतीला विरोध करतात, हा लेन्झचा नियम आम्ही चौघांनीही परीक्षेत पूर्ण गुणांनिशी लिहिलेला होता. ब्रेक म्हणून हा परिणाम उत्तम आहे, मात्र वेग असेल तोवरच. थांबलेल्या चुंबकाला तो धरून ठेवत नाही. नळी नायलॉनची केली आणि चार दिवस गेले. गंमत अशी की पुढच्याच आठवड्यात मॅडमनी विचारले, ‘आणीबाणीचे बटण दाबल्यावर काय होईल?’ सर्वोची वीज गेली की स्प्रिंग चुंबक वर ओढणार आणि पिन पडणार, म्हणजे विद्युतचुंबकाचा जो दोष म्हणून आम्ही तो सोडला होता तोच इथे परत आला होता. मग सगळे उलटे केले: स्प्रिंग चुंबकाला खाली ठेवते आणि सोडायचे असेल तेव्हा सर्वो ते वर खेचतो. सर्वोची ताकद इतकी होती की आता नळी अ‍ॅल्युमिनिअमची असती तरी चालले असते.

चुंबक चिकटवण्याबद्दलही सांगायला हवे, कारण दुसरी अट तीच होती. पहिल्यांदा आम्ही झटपट चिकटणारा गोंद वापरला. निकेलचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो. गोंद सुकला, छान दिसला, आणि हात एकदा पोलादी टेबलाजवळ गेला तेव्हा चुंबक गोंदासकट टेबलावर राहिले. नंतर पृष्ठभाग पॉलिश पेपरने किंचित खरवडून दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद लावला आणि चोवीस तास हात लावला नाही. पण खरा उपाय गोंदाचा नव्हता, रचनेचा होता. चुंबक बसवायच्या खोबणीला खालच्या बाजूने अर्ध्या मिलिमीटरची ओठासारखी कड ठेवली आणि चुंबक वरून घातले. आता ओढ चुंबकाला खोबणीतून बाहेर काढत नाही, उलट कडेवर आणखी घट्ट बसवते, आणि गोंद निघाला तरी चुंबक जागचे हलत नाही. तपासणीच्या वेळी परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि आकृती पाहून लगेच पुढे गेले. तारांवरची, उष्णतेने आकसणारी नळी आवळण्यासाठी आमच्यापैकी एकाने चुंबकापासून बोटभर अंतरावर गरम हवा सोडणारी हीट गन धरली, तेव्हा आणखी एक चकती निकामी झाली. दिसायला ती जशीच्या तशी होती, पण वजनकाट्यावर तिची ओढ जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटली होती. ८० अंशांची मर्यादा ती हीच. अशी गेलेली ताकद चुंबक थंड झाल्यावर परत येत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात यंत्राला विस्मरण झाले. हाताची सुरुवातीची जागा ओळखण्यासाठी तळाशी ए३१४४ हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर, बसवला होता; हातावरचे एक छोटे चुंबक त्याच्यासमोर आले की यंत्र ती जागा शून्य मानायचे. हात पूर्ण घडी झाल्यावर टोकाचे मोठे चुंबक या सेन्सरपासून १५ मिलिमीटरवर येत होते आणि सेन्सरला ते छोटे चुंबकच आल्याचे वाटत होते. मध्ये लोखंडी पत्रा घालावा, सेन्सर हलवावा, प्रोग्राममध्ये अट घालावी, अशा चर्चा दोन दिवस चालल्या. तेवढ्यात गटातल्या सर्वांत अबोल मुलाने माहितीपत्रक उघडून दाखवले की हा सेन्सर समोरून येणाऱ्या दक्षिण ध्रुवालाच प्रतिसाद देतो. आम्ही टोकाचे चुंबक उलटे बसवले आणि प्रश्न मिटला. फक्त त्यासाठी इपॉक्सी लावलेली खोबणी फोडावी लागली. चुंबक चिकटवण्यापूर्वी त्याच्या उत्तर ध्रुवावर ठळक पेनाने ठिपका द्यावा आणि साहित्याच्या यादीत कोणता ध्रुव कुठे ते लिहावे. नंतर ते शोधत बसणे फार कंटाळवाणे असते.

तांत्रिक अहवाल २० ऑक्टोबरला पाठवला आणि ३ नोव्हेंबरला तो एका शेऱ्यासह परत आला: स्पर्धेच्या साहित्यात अवशिष्ट (मागे उरलेले) चुंबकत्व राहणार नाही हे दाखवावे, उत्तर दहा दिवसांत. दोन महिन्यांपूर्वी हा शेरा वाचून आम्ही हादरलो असतो, पण टाचणीने आम्हाला आधीच शहाणे केले होते. चार नव्या पिना घेतल्या, ४९ई या रेखीय, म्हणजे क्षेत्र किती तीव्र आहे तेही सांगणाऱ्या, हॉल सेन्सरने त्यांच्या दोन्ही टोकांचे माप घेतले, प्रत्येक पिन नव्या रचनेने तीस वेळा उचलून सोडली आणि पुन्हा मोजले. काट्याच्या जुन्या रचनेच्या तुलनेत फार कमी, पण शून्य नाही, असा निकाल आला. हे लपवावे का, यावर गटात मतभेद झाले. शेवटी दोन्ही रचनांचे आकडे शेजारी शेजारी देऊन आम्ही सरळ लिहिले की थोडे चुंबकत्व उरते आणि प्रत्येक फेरीनंतर आम्ही स्वतः पिना डीमॅग्नेटायझरमधून काढून देऊ. हे उपकरण म्हणजे प्रत्यावर्ती विजेवर चालणारी गुंडाळी असते. तिच्यातले क्षेत्र सतत दिशा बदलते. पिन तिच्यातून सावकाश हातभर लांब नेली की प्रत्येक उलटापालट आधीपेक्षा दुबळी होत जाते आणि शेवटी पिनेत कोणतीच दिशा शिल्लक राहत नाही. पिन आत असतानाच वीज बंद केली तर मात्र ती उलट चांगली चुंबकीय होऊ शकते. पहिल्या दिवशी आम्ही तेच केले. गुंडाळी घरी बनवू नये, तयार उपकरण उसने मिळते. आम्हाला दुसऱ्या विभागाच्या प्रयोगशाळेतून एका अर्जावर आणि दोन सह्यांवर मिळाले, सह्यांना पाच दिवस लागले. १२ नोव्हेंबरला, म्हणजे मुदतीच्या एक दिवस आधी, उत्तर पाठवले आणि १९ तारखेला मंजुरी आली.

शेवटचा कागद प्रवासाचा होता. यंत्र विमानाने पाठवायचे होते आणि चुंबकीय पदार्थ हवाई मालवाहतुकीत धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात, यूएन २८०७ या क्रमांकाखाली येतात, हे मालवाहतूक करणाऱ्याने अर्ज परत केला तेव्हा कळले. नियम वाचल्यावर मात्र भीती गेली. खोक्यापासून २.१ मीटर अंतरावर चुंबकीय क्षेत्र ०.००२ गॉसपेक्षा (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) कमी असेल तर त्या खोक्याला हे निर्बंध लागू होत नाहीत. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र याच्या शेकडो पट असल्यामुळे फोनमधल्या चुंबकीय सेन्सरने हे मोजता येत नाही, पण गणित करता येते. आमच्या एका चकतीचे क्षेत्र त्या अंतरावर सुमारे ०.०००२ गॉस येत होते. उरलेल्या आठही चकत्या एकाच दिशेने लावल्या असत्या तरी आकडा ०.००१६ पर्यंतच गेला असता. आम्ही राखीव चकत्या विरुद्ध ध्रुव जोडीने लावून, लाकडी चकत्या मध्ये घालून, बाहेरून लोखंडी पत्र्याचा डबा वापरून बांधल्या आणि अर्ध्या पानाचे ते गणित मॅडमच्या सहीने अर्जाला जोडले. दुसऱ्या दिवशी माल स्वीकारला गेला. ही चौकशी निघायच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी करावी; आम्ही ते ऐनवेळी केले आणि दोन रात्री झोप लागली नाही.

स्पर्धा ६ आणि ७ डिसेंबरला झाली. तपासणीच्या रांगेत पावणेदोन तास उभे राहावे लागले. परीक्षकांनी साहित्याची यादी, १६ ऑगस्टचे उत्तर आणि १९ नोव्हेंबरची मंजुरी एकापुढे एक मागितली, आणि तिन्हीच्या छापील प्रती असल्यामुळे आमची तपासणी दहा मिनिटांत उरकली. आमच्या पुढच्या गटाकडे मंजुरी फोनमध्ये होती आणि सभागृहात नेटवर्क नव्हते. त्यांना दुपारी परत बोलावले. मग परीक्षकांनी आणीबाणीचे बटण स्वतः दाबून पाहिले. पिन लटकून राहिली. त्यांनी नळीवर टिचकी मारली, तरी लटकून राहिली, आणि त्यांनी खूण केली.

पहिल्या फेरीत २१ पिना बसल्या, दुसऱ्या फेरीत १९. दुसऱ्या फेरीत हात चौकटीला घासला, त्यात चुंबकाचा काही दोष नव्हता. आम्ही नववे आलो. प्रत्येक फेरीनंतर मी पिना एकेक करून डीमॅग्नेटायझरमधून काढत होते आणि टाचणी लावून पाहत होते. दुसऱ्या फेरीनंतर एक पिन टाचणीला धरून बसली, तेव्हा ती पुन्हा दोनदा सावकाश बाहेर ओढून काढली. पिना गोळा करायला आलेल्या स्वयंसेविकेने विचारले, ‘ताई, हे काय करताय?’ मी सांगितले. तिने ती पिन आणि माझी टाचणी हातात घेऊन स्वतः एकदा लावून पाहिली, टाचणी खाली पडली, आणि तिने चोविसावी पिन खोक्यात टाकून माझ्या कागदावर सही केली.